हरिभाईंचे म्हातारपण

सुरत म्हटले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम उभ्या राहतात त्या शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्या, १६६४ ची आणि १६७० ची. शाळेत असताना आम्हीही या शहरास त्या दोन सनांपलीकडे ओळखत नव्हतो. १९६५ साली विम्याच्या कचेरीतील नोकरीनिमित्त कारवार सोडून आम्ही येथे आलो आणि नानपुऱ्यात दोन खोल्यांचे बिऱ्हाड केले. हिवाळ्याचे दिवस होते. शेजारच्या गुजराती माउलीने वाटीभर उंधियू आणून दिले आणि त्याबरोबर एक म्हणही दिली : ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण.’ जेवावे तर सुरतेत, आणि मरावे तर काशीत.

त्या गोष्टीस आता साठ वर्षे होत आली. सुरतेचे जमण आमच्या वाट्यास यथेच्छ आले. चांदणी पडव्याची घारी आली, थंडीतला पोंक आला, तापीचे पूरही आले. मरणाचे तेवढे बाकी आहे. मात्र ज्या सुरतकराविषयी आज लिहावयास बसलो आहोत, ते जमणाचे मोठे शौकीन असूनही सत्तेचाळिसाव्या वर्षीच पानावरून उठून गेले. जगाने त्यांस संजीव कुमार म्हणून ओळखले. जवळची माणसे त्यांस हरिभाई म्हणत, आणि या शहरात साठ वर्षे राहून आम्हीही तो हक्क मिळवला आहे असे आम्ही समजतो.

हरिहर जेठालाल जरीवाला यांचा जन्म ९ जुलै १९३८ रोजी सुरतेत झाला. जरीवाला या आडनावातच हे शहर आहे. चांदीची तार ओढून ओढून केसासारखी बारीक करावयाची, ती ठोकून चपटी करावयाची, मग रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर गुंडाळावयाची आणि तिला सोन्याचा मुलामा द्यावयाचा, हा येथला पिढीजात धंदा. आपल्या घरातील पैठणीचा पदर, देवाच्या पालखीवरील वस्त्राचा काठ, यांत सुरतेची जर असण्याचाच संभव अधिक. या तयार धाग्यास येथले कारागीर ‘कसब’ म्हणतात. आपण मराठीत कसब म्हणतो ते कौशल्याला. आम्हांस प्रथम हा शब्द ऐकून गंमत वाटली. पुढे कळले की दोन्ही अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहीत. वरून दिसते ते सोने, पण वस्त्र तोलून धरतो तो आतला न दिसणारा धागा.

लहानपणीच हरिभाई कुटुंबासह मुंबईस गेले. तेथे इप्टा या नाट्यसंस्थेत त्यांची उमेदवारी झाली. त्या संस्थेत अवतार किशन हंगल हे जाणते नट आणि दिग्दर्शक होते. (हंगल हे नाव ऐकून आमच्या मंडळातील धारवाडकडील एक गृहस्थ त्यांस आपले गाववाले समजून फार वर्षे अभिमान बाळगून होते. हंगल जातीने काश्मिरी पंडित आणि जन्माने सियालकोटचे, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला, तो आम्हांस अद्याप आठवतो.) वयाच्या बाविशीत हरिभाईंनी आर्थर मिलर यांच्या ‘ऑल माय सन्स’ या नाटकाच्या रूपांतरात म्हाताऱ्याचे काम केले. त्यानंतर हंगल यांनी बसवलेल्या ‘डमरू’ नाटकात ते सहा मुलांचे साठीतले बाप झाले. पाश्चात्त्य रंगभूमीवरही असे एक उदाहरण आहे. पुढे बोलपटांत नावारूपास आलेले पॉल म्यूनी हे वयाच्या बाराव्या वर्षी ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या वेषात प्रथम रंगमंचावर आले होते. परंतु तरुण नटास दाढी चिकटवून म्हातारा करणे ही सर्व रंगभूमींवरील जुनी सोय आहे. दाढी सगळ्यांनाच लावता येते, पण त्या दाढीमागचे आयुष्य फार थोड्यांना दाखवता येते.

हे आम्ही आज शहाणपणाने लिहीत आहोत. त्या काळी आम्हांस यातले काहीही कळत नव्हते, आणि न कळल्याची किंमत आमच्याऐवजी दुसऱ्याच कोणी भरली. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेख.

१९६९ साली येथील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात एक विनोदी नाटक बसवण्यात आले. आमचे वय तेव्हा सत्तावीस. नायकाचे काम आपणांस मिळेल अशी आमची खात्री होती. ते मिळाले आमच्याहून उंच आणि गोऱ्या अशा एका बँकेतील गृहस्थांस, आणि आमच्या वाट्यास आला नायिकेचा म्हातारा आजोबा. आम्ही रुसलो. चार दिवस तालमीसही गेलो नाही. मग मनाशी ठरवले की म्हातारा तर म्हातारा, पण नायकापेक्षा जास्त टाळ्या घ्यावयाच्या.

म्हातारा कोठून आणावा, हा प्रश्नच नव्हता. कारवारास आमचे वडील होते. बाबा शाळामास्तर म्हणून सेवानिवृत्त झाले होते. मोत्यांसारखे अक्षर अशी त्यांची तालुकाभर ख्याती होती. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांतच त्यांच्या उजव्या हातास कंप सुरू झाला. पेला उचलला की पाणी हिंदकळे. बोलण्याआधी घसा खाकरण्याची आणि वाक्य अर्धवट सोडून खिडकीकडे पाहण्याची त्यांस सवय होती. आम्ही तो हात उचलला, ते खाकरणे उचलले, ते खिडकीकडे पाहणेही उचलले. तालमीत चहाची बशी हातात घेऊन थरथर कापत ती ओठांपर्यंत नेली आणि शेवटी चहा धोतरावर सांडला, तेव्हा सारी मंडळी लोटपोट झाली. दिग्दर्शकांनी लगेच सांगितले, हा प्रसंग दोनदा ठेवा.

प्रयोगाच्या दोन दिवस आधी बाबा अकस्मात सुरतेस आले. कारवारास तेव्हा आगगाडी नव्हती. बसने घाट चढून, पुढे आगगाडीने मुंबई आणि मुंबईहून फ्लाइंग राणी, असा तो प्रवास. मुलगा नाटकात काम करतो आहे, हे आम्हीच पत्राने कळवले होते. काम कशाचे हे मात्र कळवले नव्हते. त्यांस पाहून आमच्या छातीत धस्स झाले. तरीही प्रसंग गाळावा असे मनात आले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. मनात आले ते एवढेच की बाबा मागच्या रांगेत बसले तर बरे. कार्यकर्त्यांनी मोठ्या आदराने त्यांस पहिल्या रांगेत बसवले.

बशीचा प्रसंग दोन्ही वेळा रंगला. टाळ्याही पडल्या. रंगभूषा उतरवून बाहेर आलो तेव्हा बाबा मांडवाच्या कडेला उभे होते. त्यांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बरें केलें, पुता.” आवाजात राग नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढे केला तर त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. पेला मांडीशी टेकवून, मान खाली नेऊन ते चहा प्याले. त्याआधी त्यांस असे करताना आम्ही कधी पाहिले नव्हते.

ते कारवारास परतले. दर पंधरवड्यास त्यांचे पत्र येई, कंपाने वेडीवाकडी झालेली पण त्यांच्याच हातची अक्षरे असलेले. आता पत्र आले ते आमच्या बहिणीच्या अक्षरात. मजकूर बाबांचा, सांगणेही बाबांचे, अक्षर तेवढे तिचे. पुढच्या पत्राचेही तेच झाले, आणि त्यापुढच्याही. कारण कोणी विचारले नाही, आणि आम्ही विचारण्याची आवश्यकताही नव्हती.

हरिभाईंस आम्ही पडद्यावर प्रथम पाहिले होते ते १९६६ च्या ‘कलापी’ या गुजराती चित्रपटात. सव्विसाव्या वर्षी गेलेल्या लाठीच्या त्या कवी राजाची भूमिका त्यांनी केली होती. देखणा नट, एवढेच तेव्हा वाटले. मग १९७० साली ‘खिलौना’ आणि ‘दस्तक’ आले आणि शेजारीपाजारी ‘आपला जरीवाला’ अशी भाषा सुरू झाली. ‘दस्तक’ने त्यांस उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळवून दिला. आम्ही मात्र त्यांच्यापुढे खरोखर थबकलो ते गुलजार यांच्या ‘कोशिश’ या चित्रपटात. तो १९७२ चा. सुरतेत आम्ही तो सहकुटुंब पाहिला.

मुक्या-बहिऱ्या दांपत्याची ती कथा. हरिभाई आणि जया भादुरी हे पतिपत्नी. दोघेही बोलत नाहीत, म्हणून सारे बोलणे हातांनी. त्यांचे पहिले मूल आईबापांस रडणे ऐकू न आल्यामुळे दगावते. दुसरे होते, तेव्हा बाप खुळखुळा वाजवून पाहतो. मूल मान वळवत नाही. हेही आपल्यासारखेच बहिरे निघाले, या भयाने दोघे डॉक्टरांकडे धाव घेतात, आणि तेथे उघड होते की मूल चांगले ऐकते, खुळखुळाच मुका आहे. ऐकू येणाऱ्या प्रेक्षकास जे पहिल्याच क्षणी कळले असते, ते त्या बापास कळण्याचा मार्गच नाही. असा प्रसंग हास्यास्पद होण्यास एक रेघसुद्धा पुरे झाली असती. चित्रपटगृहात कोणी हसले नाही. आमच्या पुढच्या रांगेतील एक जरीकामगार उपरण्याने डोळे पुसत होता.

पुढे कथेत वर्षे सरतात आणि ते दांपत्य उतारवयास लागते. तेथे आम्ही पुढे वाकून पाहू लागलो. आमची सारी युक्ती आता पडद्यावर येणार असे आम्हांस वाटत होते. हरिभाई तेव्हा पस्तिशीचेही नव्हते. त्यांनी केस पिकवले, चाल थोडी जड केली, आणि जवळजवळ तेवढेच. हात कापला नाही, कमरेत वाक आला नाही. त्यांनी दाखवला तो वय झालेला एक माणूस, ज्याला अजून पुष्कळ सांगावयाचे आहे आणि सांगण्यास फक्त हात आहेत. आम्ही म्हातारपण दाखवले होते आणि माणूस गाळला होता. त्यांनी माणूस दाखवला आणि म्हातारपण आपोआप मागून आले. अंधारात बसल्या बसल्या आम्हांस बाबांचा तो दोन्ही हातांनी धरलेला पेला दिसू लागला. हात कापतो, हे नाटकात दाखवण्याजोगे काहीच नव्हते. दाखवावयाचे असलेच तर ते होते त्यास आवरण्याची धडपड, आणि ती आम्ही तीन वर्षांत एकदाही पाहिली नव्हती.

घरी येऊन पत्र लिहावयास बसलो. क्षमा मागणारी दहा ओळी लिहिली आणि फाडली. दुसरे लिहिले तेही फाडले. शेवटी एवढेच कळवले की देवळाच्या पालखी उत्सवास येत आहोत.

उत्सवाच्या रात्री आरती झाली. पालखी देवळाभोवती फिरून आत आली आणि मंडळी तीर्थासाठी रांगेत उभी राहिली. बाबा खांबाशीच बसून राहिले. बहिणीने हळूच सांगितले की वर्षभर ते तीर्थास जातच नाहीत. ओंजळीतले तीर्थ सांडते आणि भटमामांच्या पायाशी पडते, त्याची त्यांस लाज वाटते. प्रसाद तीच नेऊन देते. आम्ही बाबांपाशी गेलो आणि म्हणालो, “बाबा, चला.” ते नको म्हणाले. आम्ही हात पुढे केला. का कोण जाणे, ते उठले. रांगेत आमची पाळी आली तेव्हा आम्ही त्यांच्या उजव्या तळहाताखाली आपला तळहात धरला. भटमामांनी पळीने तीर्थ घातले. बाबांचा हात कापत होता, तो कंप आमच्या हातात उतरत होता. नाटकात आम्ही जो नुसता दाखवला, तो प्रथमच आम्हांस जाणवला. थोडे तीर्थ आमच्या बोटांवरून खाली गळले. उरलेले बाबांनी घेतले आणि ओला हात डोळ्यांस व मस्तकास लावला. आम्ही दोघेही एक शब्द बोललो नाही.

सुरतेस परतल्यावर दोन आठवड्यांनी पत्र आले. पाकिटावर अक्षर बाबांचे होते. वेडेवाकडे, ओळ सोडून चढलेले, पण त्यांचे. ते पत्र आजही आमच्या पेटीत आहे. १९७४ साली बाबा गेले.

त्यानंतर हरिभाईंचे चित्रपट आम्ही ऋण मानून पाहिले. ‘कोशिश’साठी त्यांस दुसऱ्यांदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९७४ च्या ‘नया दिन नयी रात’मध्ये त्यांनी नऊ निरनिराळ्या भूमिका केल्या. शिवाजी गणेशन यांच्या ‘नवरात्रि’ या तमिळ चित्रपटावरून तो घेतला होता. १९७५ साली ‘आँधी’, ‘मौसम’ आणि ‘शोले’ आले. ‘शोले’तील ठाकूर तर सर्वांस पाठ आहे. आम्हांस त्यात एकच गोष्ट दिसत राहिली. ‘कोशिश’मध्ये ज्या नटाने सारे काम हातांनी केले, त्याने येथे हातांवाचून करून दाखवले. खांद्यावरील शालीखाली रिकाम्या बाह्या, आणि तरीही ठाकूर कोणाकडे कीव मागत नाही.

त्यांच्या वयाचा हिशेब मांडू गेल्यास माणूस चक्रावतो. त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या जया भादुरी १९७२ च्या ‘परिचय’मध्ये त्यांच्या कन्या होत्या, त्याच सुमारास ‘कोशिश’मध्ये पत्नी, १९७३ च्या ‘अनामिका’मध्ये प्रेयसी आणि ‘शोले’मध्ये विधवा सून. १९७८ च्या ‘त्रिशूल’मध्ये ते शशी कपूर यांचे वडील झाले. शशी कपूर यांचा जन्म मार्च १९३८ चा, म्हणजे मुलगा बापाहून जवळजवळ चार महिन्यांनी मोठा! आमच्या काळी नायकाच्या भूमिकेसाठी नट भांडत आणि आमच्यासारखे हौशी रुसत. चाळिशीही न गाठलेला हा नट मात्र पांढरे केस आपण होऊन मागून घेत होता. शिवाय ‘अंगूर’मधील दुहेरी भूमिकेतला विनोद आणि सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’तला बुद्धिबळात बुडालेला मिर्झा, हेही त्याच माणसाचे. म्हातारा होता येते म्हणून ते मोठे नव्हते. समोरच्या माणसाच्या आत शिरता येते म्हणून मोठे होते.

आपल्या समाजातील वाचकांस आणखी एक धागा सांगावासा वाटतो. गुरुदत्त पदुकोण हे चित्रापूर सारस्वत, त्यांचा परिचय येथे करून देण्याचे कारण नाही. त्यांचाही जन्म ९ जुलैचा, १९२५ सालचा. के. आसिफ यांच्या ‘लव्ह अँड गॉड’ या लैला-मजनूच्या चित्रपटात गुरुदत्त नायक होते. १९६४ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, ते गेले आणि चित्र अडले. पुढे ती जागा हरिभाईंनी घेतली. १९७१ साली आसिफही गेले आणि चित्र पुन्हा अडले. ते लोकांपुढे आले १९८६ साली. तोपर्यंत हरिभाईही राहिले नव्हते. कोकणी घरातल्या एकाने अर्धवट सोडलेले काम सुरतेच्या एकाने उचलावे आणि ते पुरे झालेले पाहण्यास दोघांपैकी कोणीही नसावे, असा तो योग.

त्यांच्या घरातील पुरुषांस दीर्घायुष्य लाभत नसे. त्यांचा एक धाकटा भाऊ त्यांच्या आधी गेला, दुसरा त्यांच्या मागोमाग काही महिन्यांत. त्यांचे स्वतःचे हृदय अधू होते आणि अमेरिकेत शस्त्रक्रियाही झाली होती. त्यांनी लग्न केले नाही. ६ नोव्हेंबर १९८५ रोजी मुंबईत हृदयविकाराने ते गेले. त्यानंतरही त्यांचे चित्रपट येतच राहिले, शेवटचा १९९३ साली. ज्यांनी त्यांस तरुणपणी म्हातारा केला ते हंगल २०१२ पर्यंत जगले आणि नव्वदी ओलांडून गेले. २०१३ साली हरिभाईंच्या नावे टपालाचे तिकीट निघाले, आणि २०१४ साली सुरत महानगरपालिकेने त्यांच्या नावाचे भव्य प्रेक्षागृह उघडले. तेथे आम्ही नाटकास जातो. पायऱ्या चढताना कठड्यास धरावे लागते, आणि दर वेळी वाटते की ज्यांनी आम्हांस हे वय ओळखावयास शिकवले, त्यांस स्वतः मात्र ते मिळाले नाही.

आम्हांस ते मिळाले आहे. ऐंशी ओलांडली. उजव्या हातास तीन वर्षांपासून कंप आहे, अगदी बाबांचाच. यंदा मंडळाच्या नाटकात आमच्या नातवास काम मिळाले. महाविद्यालयात शिकतो, उंच आहे, नायकाच्या जागेवर डोळा होता. पदरात पडला आजोबा. तो चार दिवस रुसून होता. पाचव्या दिवशी चहाच्या वेळी समोर येऊन बसला आणि आमच्या हाताकडे टक लावून पाहू लागला. मग चोरी पकडली गेल्यासारखा खाली पाहू लागला.

आम्ही त्यास म्हटले, “पाहा, खुशाल पाहा. पण हात कापतो ते पाहू नकोस. तो कापू नये म्हणून मी काय काय करतो, ते पाहा.”

मग पेला नेहमीसारखा दोन्ही हातांनी न धरता एका हाताने उचलला. कोपर टेबलास टेकवले, पेला ओठांकडे न नेता ओठच पेल्याकडे नेले, चहा थोडा बशीत सांडला तो त्याच्या नजरेसमोर सांडू दिला. तो हसला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, “आज्जा, दुखता?” आम्ही सांगितले की दुखत नाही, लाज वाटते. त्याने आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतले.

नाटक गणेशोत्सवात आहे. आम्ही पहिल्या रांगेत बसणार आहोत.